प्रयोगशाळा कोणाची?
अमेरिकेतील काळ्या कॉलेजांची विज्ञानासाठीची झुंज

अमेरिकेतील काळ्या माणसाचा विद्रोह आपल्याकडे बऱ्यापैकी परिचित आहे. त्याचे संगीत, त्याची कविता, त्याची रस्त्यावरची लढाई यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. परंतु याच काळ्या माणसाने रसायनशास्त्र कोठे शिकले, त्याला सूक्ष्मदर्शक कोणी दिला, तो इंजिनिअर कसा झाला, हा इतिहास आपल्या चर्चेत क्वचितच येतो. विद्रोहाचा इतिहास जितका महत्त्वाचा तितकाच हाही आहे; कारण माणसाला डोके आहे हे मान्य करायला जी व्यवस्था तयार नसते, तिच्याशी सर्वांत चिवट झगडा प्रयोगशाळेच्या दारातच होतो.

गुलामाला लिहावाचायला शिकवणे हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील बहुतेक राज्यांत गुन्हा होता. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नरने बंड केले आणि त्यानंतर हे कायदे अधिकच कडक झाले. ज्ञानबंदी ही गुलामगिरीची बेडीच होती, हे वेगळे सांगायला नको. आपल्या समाजाला तर नकोच. उत्तरेकडील पेनसिल्व्हेनियात १८३७ साली काळ्या मुलांसाठी एक शाळा निघाली, तीच पुढे चेनी विद्यापीठ झाली. यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि मग दक्षिणेत कॉलेजांची रांग लागली : फिस्क १८६६ मध्ये, हॉवर्ड आणि मॉरहाउस १८६७ मध्ये, हॅम्प्टन १८६८ मध्ये, टस्कीगी आणि स्पेलमन १८८१ मध्ये. नावाला कॉलेजे, पण आरंभी त्यांतली बरीचशी प्राथमिक शाळाच होती, कारण कालपर्यंत ज्यांना अक्षर बंद होते त्यांना एकदम बीजगणित कसे शिकवणार?

येथे पहिला मोठा वाद उभा राहिला. काळ्या माणसाला शिकवायचे ते काय? हॅम्प्टनमध्ये शिकलेल्या आणि टस्कीगी उभारणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांचे म्हणणे असे की, आधी हाताला धंदा द्या. शेती, सुतारकाम, विटा भाजणे येऊ द्या. पोट भरले की मान आपोआप मिळेल. १८९५ च्या अटलांटा येथील त्यांच्या भाषणानंतर गोऱ्या धनिकांना हा विचार अतिशय पसंत पडला. फिस्कमध्ये शिकून हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी त्याला विरोध केला. ज्या समाजातून उच्चशिक्षित माणसे निघत नाहीत त्या समाजाचे नेतृत्व नेहमी दुसऱ्याच्या हाती राहते, असा त्यांचा सांगावा होता.

वॉशिंग्टन यांना एकदम खलपुरुष ठरवणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. टस्कीगीच्या इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनी स्वतः भाजल्या, आणि त्या इमारतींचा आराखडा करणारे रॉबर्ट टेलर हे मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले काळे पदवीधर होते. १८९६ साली वॉशिंग्टन यांनी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना बोलावून घेतले. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून कार्व्हर यांनी विद्यार्थ्यांना घेऊन भंगारातून बाटल्या आणि जुनी भांडी गोळा केली आणि त्यांतून ती उभी केली. दोष हातकामात नव्हता. दोष होता तो गोऱ्या दात्यांच्या निवडीत. १९०२ साली रॉकफेलर यांच्या पैशातून सुरू झालेल्या जनरल एज्युकेशन बोर्डासारख्या संस्थांनी काळ्यांसाठी धंदेशिक्षणाचीच पाठराखण केली. एका समाजाला आजन्म हात म्हणून आणि दुसऱ्याला आजन्म डोके म्हणून वाढवायचे ही वाटणी आपल्याला नवी नाही. तिकडे तिला धर्माचा आधार कमी आणि चेकबुकाचा जास्त होता, एवढाच फरक.

या वाटणीची किंमत काय होती, हे एडवर्ड बूशे यांच्या आयुष्यावरून कळते. १८७६ साली येल विद्यापीठाने त्यांना पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट दिली. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले काळे. विषय होता अपवर्तनांक मोजण्याचा. एवढी विद्या घेऊन बाहेर पडलेल्या या माणसाला कोणत्याही गोऱ्या विद्यापीठात जागा मिळाली नाही. ते फिलाडेल्फियाला गेले आणि वर सांगितलेल्या चेनीच्या मूळ शाळेत २६ वर्षे पदार्थविज्ञान व रसायन शिकवीत राहिले. १९०२ साली त्या शाळेने धंदेशिक्षणाचा मार्ग धरला आणि बूशे यांना तेथून बाहेर पडावे लागले. म्हणजे गोऱ्यांच्या विद्यापीठात त्यांना रंगामुळे जागा नव्हती आणि काळ्यांच्या शाळेत आता त्यांच्या विषयाला जागा उरली नव्हती.

आता पैशाकडे वळू. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकन सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे निघाली. अमेरिकेच्या औद्योगिक सामर्थ्याचा पाया या कॉलेजांनी घातला. दक्षिणेत त्यांची दारे काळ्यांना बंद होती. १८९० साली दुसरा मॉरिल कायदा झाला. त्याने सांगितले की, रंगभेद पाळायचाच असेल तर काळ्यांसाठी वेगळे कॉलेज काढा आणि पैशाची वाटणी न्याय्य करा. राज्यांनी वेगळेपण तत्परतेने अमलात आणले. न्याय्य वाटणी मात्र कागदावर राहिली. १८८७ च्या कायद्याने गोऱ्या कॉलेजांना शेतीसंशोधन केंद्रांसाठी दरवर्षी संघराज्याचा पैसा मिळू लागला होता. १८९० च्या काळ्या कॉलेजांना संशोधनासाठी अशीच कायमची कायदेशीर तरतूद मिळाली ती १९७७ साली. मध्ये ९० वर्षे गेली. नव्वद वर्षे ज्याला संशोधनाचा पैसा मिळाला नाही, त्यालाच विचारायचे की तुमचे संशोधन कोठे आहे?

आणि पदवीनंतरचे शिक्षण? दक्षिणेतील अनेक राज्यांनी त्यावर एक अजब तोडगा काढला. आपल्या राज्यातील गोऱ्या विद्यापीठाचे दार उघडण्याऐवजी काळ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या राज्यात शिकायला जाण्यासाठी पैसे द्यायचे! गावच्या विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाही, पण पलीकडच्या गावाच्या विहिरीपर्यंतचे गाडीभाडे द्यायचे, असा हा प्रकार.

या कोंडीतूनही विज्ञान झाले, हे विशेष. डार्टमथमध्ये शिकलेले अर्नेस्ट जस्ट १९०७ साली हॉवर्डमध्ये शिकवू लागले. उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी समुद्री जीवांच्या अंड्यांचा इतका बारीक अभ्यास केला की, पेशीच्या पृष्ठभागाविषयीचे त्यांचे काम पुढच्या जीवशास्त्राला मार्गदर्शक ठरले. तरीही अमेरिकेतील एकाही मोठ्या गोऱ्या विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून घेतले नाही. हॉवर्डमध्ये शिकवण्याचा बोजा मोठा, साधने थोडी. मग ते युरोपात जाऊन काम करू लागले आणि १९४१ साली वारले. फिस्कचे पदवीधर सेंट एल्मो ब्रॅडी यांनी १९१६ साली इलिनॉयमधून रसायनाची डॉक्टरेट मिळवली. हा मान मिळवणारे ते पहिले काळे. मग त्यांनी टस्कीगी, हॉवर्ड आणि फिस्क येथे एकामागून एक रसायनविभाग घडवले. दुसरे फिस्ककर एल्मर आइम्स १९१८ साली मिशिगनचे पदार्थविज्ञानाचे डॉक्टर झाले आणि १९३० मध्ये फिस्कला परतून त्या विभागाचे प्रमुख झाले.

ज्या माणसांना गोऱ्या जगाने नाकारले ती माणसे काळ्या कॉलेजांच्या वर्गात येऊन उभी राहिली. याला भेदाचे सुफळ म्हणणे क्रूरपणाचे होईल, कारण या माणसांची स्वतःची संशोधनाची वर्षे त्यात जळून गेली. पण विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्यासमोर खडू घेऊन उभा असलेला माणूस त्याच्याच रंगाचा होता आणि विषयात अव्वल होता, हे नाकारता येत नाही. वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजात १९३० नंतरच्या दशकात विल्यम क्लेटर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट, संस्थितिशास्त्रात नाव काढण्याची योग्यता, आणि रंगामुळे बंद झालेल्या वाटा. त्यांच्या वर्गात कॅथरीन नावाची एक मुलगी होती. कॉलेजात गणिताचे जेवढे विषय होते तेवढे ती शिकून मोकळी झाली, तेव्हा क्लेटर यांनी तिच्यासाठी अवकाशाच्या वैश्लेषिक भूमितीचा एक स्वतंत्र वर्ग काढला. त्या वर्गात विद्यार्थिनी एकच. १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती पदवीधर झाली. हीच कॅथरीन जॉन्सन. १९६२ साली जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले तेव्हा यंत्राने केलेले गणित तिने हाताने पडताळून पाहावे, असा त्यांनी आग्रह धरला होता. तिच्या सहकारी डोरोथी व्हॉन या विल्बरफोर्सच्या आणि मेरी जॅक्सन या हॅम्प्टनच्या पदवीधर. जॅक्सन यांना इंजिनिअर होण्यासाठी जे वर्ग करायचे होते ते गोऱ्यांच्या शाळेत भरत. तेथे बसण्यासाठी त्यांना नगरप्रशासनाकडे अर्ज करून परवानगी मिळवावी लागली. १९५८ साली त्या अवकाशसंस्थेच्या पहिल्या काळ्या स्त्री-इंजिनिअर झाल्या.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील रंगभेद बेकायदा ठरवला. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे, उत्तर कॅरोलायना कृषी व तंत्र कॉलेजाचे चार विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीच्या टेबलाशी जाऊन बसले आणि देशभर सत्याग्रहांची लाट उसळली. याच कॉलेजातून १९७१ साली पदार्थविज्ञानाचा पदवीधर झालेला रोनाल्ड मॅकनेर पुढे अंतराळवीर झाला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या स्फोटात गेला. दुसरीकडे, १६ नोव्हेंबर १९७२ रोजी लुइझियानातील सदर्न विद्यापीठात सोयीसुविधा आणि कारभारातील वाटा मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर पोलिसी कारवाई झाली व त्यात दोन विद्यार्थी गोळीने मेले. त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. काळ्या कॉलेजात शिकणे म्हणजे केवळ ग्रंथालयात बसणे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत इंजिनिअर होणाऱ्या शंभर जणांत काळा जेमतेम एक असे. त्या वेळी काळ्यांची अभियांत्रिकी शिकवणारी प्रमुख कॉलेजे सहाच : हॉवर्ड, टस्कीगी, सदर्न, टेनेसी स्टेट, प्रेअरी व्ह्यू आणि उत्तर कॅरोलायना कृषी व तंत्र. १९६५ च्या सरकारी आदेशानंतर सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना काळी माणसे नोकरीत घेण्याचे प्रयत्न दाखवावे लागत होते आणि इंजिनिअर तर मिळत नव्हते. कंपन्यांना उपरती झाली होती अशातला भाग नाही. गरज पडली होती. हॉवर्डच्या अभियांत्रिकी शाखेचे प्रमुख पर्सी पियर यांच्यासारख्या माणसांनी या गरजेचा उपयोग करून घेतला. त्यांच्या धडपडीतून १९७४ साली अल्पसंख्याक इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्त्या उभ्या करणारी राष्ट्रीय परिषद निघाली. त्याआधी १९६९ मध्ये अटलांटातील काळ्या कॉलेजांनी जॉर्जिया टेकशी करार केला होता : तीन वर्षे आपल्या कॉलेजात विज्ञान, नंतर दोन वर्षे तिकडे अभियांत्रिकी, आणि हाती दोन पदव्या. ज्या जॉर्जिया टेकने पहिला काळा विद्यार्थी १९६१ साली घेतला, त्याच्याशी आठ वर्षांत असा करार होणे लहान गोष्ट नव्हती.

पण शिष्यवृत्ती आणि जागा एवढ्याने प्रश्न सुटला नाही, आणि या इतिहासातला माझ्या मते सर्वांत मोलाचा धडा येथे आहे. जागा मिळालेला विद्यार्थी पहिल्याच वर्षी गणितात आणि रसायनात गळत होता. तो का गळतो, याची उत्तरे विद्वानांकडे तयार होती : घरची गरिबी, कच्ची तयारी, इच्छाशक्तीचा अभाव. बर्कले येथे युरी ट्रीझमन यांनी १९७० नंतरच्या दशकात ही उत्तरे तपासून पाहिली. वीस काळे आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी कसा अभ्यास करतात ते त्यांनी त्यांच्यामागे हिंडून पाहिले. चिनी विद्यार्थी एकत्र बसत, एकमेकांची गणिते तपासत, एकमेकांच्या चुका काढत. काळे विद्यार्थी मेहनत घेत, पण एकटे. वर्ग आणि सोबत यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातलेली होती. ट्रीझमन यांनी सुधारणावर्ग काढला नाही. अधिक अवघड गणिते घेऊन एकत्र बसण्याची कार्यशाळा काढली, आणि नापासांची रांग ओसरली.

बर्कले हे गोऱ्यांचे विद्यापीठ. एकटेपणाचा हा रोग काळ्या कॉलेजांत कमी होता, आणि त्याच बळावर न्यू ऑर्लिन्सच्या झेव्हिअर विद्यापीठाने १९७० नंतर जे केले ते अभ्यासण्यासारखे आहे. १९२५ साली कॉलेज झालेली ही लहानशी कॅथलिक संस्था. तेथील विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र बसून पहिल्या वर्षाच्या रसायनाचे एकच टाचण तयार केले. कोणत्याही तुकडीत बसा, शिकवणे तेच, कसोटी तीच. वारंवार छोट्या परीक्षा, सरावाचे तास, गटागटांची चढाओढ. १९७७ पासून शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले आणि त्यांत पाठांतरापेक्षा तर्काने प्रश्न सोडवण्यावर भर दिला गेला. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाला सर्वाधिक काळे पदवीधर पाठवणारे कॉलेज म्हणून ही संस्था पुढे गाजली. येथे विद्यार्थ्यात काय कमी आहे, हा प्रश्न मागे पडला आणि आपल्या शिकवण्यात काय कमी आहे, हा पुढे आला. मदत या शब्दाचा अर्थच त्यामुळे बदलला.

सरकारनेही हळूहळू हे ओळखले. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९७२ मध्ये अल्पसंख्याकांच्या संस्थांतील विज्ञान सुधारण्याचा कार्यक्रम काढला, आणि १९९८ मध्ये खास काळ्या कॉलेजांतील पदवीपूर्व विज्ञान व अभियांत्रिकीसाठी दुसरा. त्या पैशातून अभ्यासक्रम बदलणे, उपकरणे घेणे, उन्हाळी वर्ग चालवणे आणि पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती खरे संशोधन देणे ही कामे होतात. फळ दिसते आहे. आज ही कॉलेजे सुमारे शंभर आहेत आणि पदवी घेणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांतील दहात एकाच्या आसपासच त्यांत शिकतात. असे असूनही २००२ ते २०११ या काळात विज्ञान व अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवणाऱ्या काळ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा याच कॉलेजांचा पदवीधर होता.

तरीही जुना हिशेब मिटलेला नाही. मिसिसिपीत १९७५ साली काळ्या कॉलेजांच्या उपेक्षेविरुद्ध दाखल झालेला दावा २००२ साली सुमारे ५० कोटी डॉलरच्या तडजोडीने संपला. मेरीलँडमधील दावा २००६ चा. काळ्या कॉलेजाने नावारूपाला आणलेला अभ्यासक्रमच शेजारच्या गोऱ्या विद्यापीठात सुरू करायचा आणि विद्यार्थी तिकडे ओढायचे, ही त्यातील मुख्य तक्रार होती. तो २०२१ साली ५७ कोटी ७० लाख डॉलरवर मिटला. सप्टेंबर २०२३ मध्ये तर संघराज्याच्या शिक्षण आणि शेती खात्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून कळवले की, १८९० च्या कॉलेजांना गेल्या तीन दशकांत मिळायला हवे होते त्यापेक्षा एकूण १२ अब्ज डॉलरांहून अधिक कमी मिळाले. हा भेद गुलामगिरीच्या काळातला नाही. नागरी हक्कांचे कायदे होऊन दोन दशके उलटल्यानंतरचा, १९८७ पासूनचा आहे.

या इतिहासाशी आपले नाते नुसत्या सहानुभूतीचे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतील साम्य दाखवले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की, अस्पृश्यांच्या मुलांना नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने फारसे काही साधणार नाही. त्यांना विज्ञान आणि तंत्रविद्येचे वरचे शिक्षण पाहिजे, देशात आणि परदेशातही, आणि त्याचा खर्च सरकारने केला पाहिजे. १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या आल्या. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले ते कलेबरोबर विज्ञानही घेऊन. डु बॉइस आणि वॉशिंग्टन यांच्या वादात बाबासाहेब कोठे उभे राहिले असते, हे या घटनांवरून सहज कळते.

आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी १९७३ पासून राखीव जागा आहेत. त्या जागांवरून आपल्याकडे जो वाद झडतो तो दारापाशीच थांबतो : किती आले, किती गुणांवर आले. काळ्या कॉलेजांचा इतिहास सांगतो की, खरी परीक्षा दाराच्या आत सुरू होते. पहिल्या वर्षी त्या मुलाबरोबर रात्री गणित सोडवायला कोण बसले? दुसऱ्या वर्षी त्याच्या हाती उपकरण कोणी दिले? अवघड प्रश्न त्याला मुद्दाम कोणी घातला, की दया दाखवून सोपाच घातला? प्रत्येक कॉलेजाने हा हिशेब दरवर्षी मांडावा आणि आपण तो मागावा. क्लेटर यांनी एका मुलीसाठी पूर्ण वर्ग काढला तेव्हा त्यांच्यापाशी सरकारी योजना नव्हती. आज योजना आहेत. मग तसे वर्ग किती निघाले, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.